लॅपटॉपच्या बारीक आवाजाचा पंचनामा: रीत आणि पथ्ये

पंचनामा रात्री अकरानंतर करावा. दिवसा कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याचा भोंगा आणि वरच्या मजल्यावरचे ड्रिल यांच्यापुढे लॅपटॉपचा तो बारीक ‘चीं’ टिकाव धरत नाही. घर निजले की चार्जर लावावा, पंखा बंद करावा (मे महिना असला तरी; पुराव्याला ऋतू नसतो) आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबण्याची वाट पाहावी. मग तो येतो. चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढली की गप्प, घातली की पुन्हा सुरू. घटना घडते आहे याची खात्री पटली. आता पंच हवेत.

पंच दोन असावेत आणि प्रतिष्ठित असावेत, असा दंडक आहे. पहिली अडचण इथेच. प्रतिष्ठा वयाबरोबर चढते आणि कानाची वरची पट्टी वयाबरोबर उतरते. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते असे शाळेच्या पुस्तकात असते. त्यातले २०,००० साधारण ते पुस्तक वाचण्याच्या वयापुरतेच खरे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा काळ आठवावा. दूरदर्शनचा पडदा रंगवणारी यंत्रणा सेकंदाला १५,६२५ रेघा मारी आणि तिचा ट्रान्सफॉर्मर त्याच पट्टीत किणकिणे. शेजारच्या खोलीत आवाज पूर्ण बंद करून कोणी टीव्ही लावला, तरी मुलांना कळायचे. वडिलांना कळायचे नाही. (वडिलांना वाटायचे, कार्टे फार तल्लख आहे.) तेव्हा सोसायटीचे चेअरमन पंच म्हणून कितीही शोभत असले तरी त्यांना बोलावू नये. त्यांना काही ऐकू येणार नाही आणि ‘हल्ली झोप नीट लागते ना?’ हा प्रश्न उलट आपल्याच गळ्यात पडेल.

पंच म्हणून सातवी-आठवीतले पोर घ्यावे. त्याला ‘ऐकू येतंय ना रे?’ असे विचारू नये. आइस्क्रीमच्या आशेवर ते कशालाही हो म्हणते. त्याला पाठमोरे बसवावे, आपण पिन घालावी-काढावी आणि आवाज आला की त्याने हात वर करावा. भिंतीवरचे बटण मात्र वापरू नये. त्याच्या खटक्याने साक्षीदार फुटतो.

पुढची पायरी, संशयितांची ओळख परेड. कॅलेंडरच्या जुन्या पानाची सुरळी करून एक टोक कानाला लावावे, दुसरे आधी चार्जरच्या डब्यावरून आणि मग कीबोर्डवरून फिरवावे. बारीक आवाज नक्की कुठून येतो हे नुसत्या कानाला सांगता येत नाही, सुरळीला सांगता येते. या वेळी घरातले कोणी पाणी प्यायला उठले तर खुलासा करू नये. खुलासा केल्याने परिस्थिती सुधारत नाही. आवाज फक्त वायरच्या हेडफोनमध्येच येत असेल, तर तो या पंचनाम्याच्या कक्षेत येत नाही; तिथे बहुधा अर्थिंगचा घोटाळा असतो. दोन पिनांच्या चार्जरवर धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याही त्याच खात्यात. चार्जर उघडून पाहण्याचा मोह आवरावा. आपल्याकडच्या २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ दबा धरून असतात.

आता आरोपींची नावे. चार्जरमध्ये आणि लॅपटॉपच्या बोर्डावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, म्हणजे कॉइल. त्यांतून वीज कमी-जास्त झाली की वेढे एकमेकांना ओढतात-सोडतात, आणि चुंबकत्वामुळे आतला गाभाही किंचित लांबी बदलतो. लोखंडाचा हा गुण जूल यांनी १८४२ मध्ये नोंदवला. दुसरा आरोपी सिरॅमिक कपॅसिटर. दाबले की वीज देणारे स्फटिक क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट वीज दिली की ते स्फटिक फुगतात-आकसतात, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. कपॅसिटरमधले सिरॅमिक त्याच जातकुळीचे. मोहरीएवढा तो तुकडा स्वतः कितीसा ओरडणार? पण खालचा बोर्ड तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा त्याचा आवाज मोठा करतो.

खरी मेख पुढे आहे. ही वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते, म्हणजे कोणाच्याही कानाच्या पार वर. मग ऐकू का येते? कारण काम कमी असले की सर्किट वीज वाचवायला ठोके गाळते आणि उरलेले झुबक्याझुबक्याने देते. ते झुबके नेमके आपल्या कानाच्या टप्प्यात येतात. प्रोसेसरही रिकामा असला की सेकंदात शेकडो वेळा डुलकी घेतो आणि दचकून उठतो. म्हणून पान वर-खाली सरकवले की सूर बदलतो आणि जड व्हिडिओ लावला की बरेचदा आवाजच मावळतो. लॅपटॉप कामाने नाही, रिकामपणाने कुरकुरतो आहे, असे पंचनाम्यात स्पष्ट लिहावे. याला अपवाद गेमचा मेनू: तिथे काही चाललेले नसताना ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजारो चित्रे काढत बसते आणि किंचाळते. तिथे फ्रेमची मर्यादा घालावी.

उपाय थोडे आहेत. तितक्याच वॉटचा दुसरा चार्जर लावून पाहावा. बायोसमध्ये प्रोसेसरच्या डुलक्या बंद करण्याची सोय असल्यास आवाज कमी होतो. मग लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते, हा व्यवहार ज्याचा त्याने ठरवावा. कॉइलवर वॉर्निश किंवा गोंद सोडणारे कारागीर भेटतात. त्यांच्याकडे वॉरंटी संपल्यावरच जावे. उशी दाबून ठेवणे हा उपाय नव्हे.

सर्व्हिस सेंटरला जायचेच असेल तर पुरावा बरोबर न्यावा. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट चालत नाही. ती बोलण्यासाठी बनलेली असल्याने नेमकी हीच पट्टी छाटून टाकते. स्पेक्ट्रम दाखवणारे ॲप घेऊन त्यातल्या उभ्या रेघेचा फोटो काढावा. तिथला तरुण लॅपटॉप कानाशी नेईल. डोक्यावर एसी, शेजारी प्रिंटर, मागे टोकन नंबरची घोषणा. ‘सर, आवाज तर येत नाहीये,’ असे तो म्हणेल आणि जॉबशीटवर ‘दोष आढळला नाही’ लिहील. बहुतेक कंपन्या या आवाजाला दोष मानतच नाहीत, आणि धोक्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. चरचर, जळका वास किंवा हात न लावता येण्याइतका तापलेला चार्जर ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे पंच शोधत बसू नये, प्लग काढावा.

एवढे करूनही झोप येत नसेल, तर पंखा पाचवर लावावा. ‘चीं’ बहुधा झाकला जातो. थंडी वाजते म्हणून रेग्युलेटर दोनवर आणल्यास काही पंखे घुमू लागतात. त्यासाठी स्वतंत्र पंचनामा करावा, पंच मोठे चालतील.