उसाच्या पट्ट्यातली बिनसाखरेची खीर

अंथुर्णे गावाच्या चहूबाजूंनी ऊस. भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना जवळच. हंगामात रस्त्याने ट्रॉलीमागे ट्रॉली. अशा मुलखात पोरांच्या खिरीला साखर कोण देणार, हा प्रश्न पडावा म्हणजे कमालच!

जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने कळवलं: शालेय पोषण आहारातली अंडी आणि गोडाची साखर यांना वेगळा निधी नाही. हवी असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून मिळवावीत. नाचणी सत्त्व, तांदळाची खीर कागदावर आहेच, गोडी तेवढी गावाने आणायची.

आता आपल्याकडे लोकसहभागाला तोटा नाही. जत्रेच्या कुस्त्या, स्वागतकमान, साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स (हसऱ्या फोटोंची उतरंड वेगळीच), सगळं रातोरात उभं राहतं. अंड्यांचा विषय निघाला की मात्र निम्मी सभा माळकरी होते आणि उरलेल्यांना उसाचं पाणी धरायचं आठवतं. ठराव नामंजूर कोणी करत नाही, तेवढी लाज आहे. तो पुढच्या सभेवर जातो.

यावर एकच उपाय दिसतो. पहिलीत नाव घालतानाच पोराला कारखान्याचं सभासद करून घ्यावं. निदान दिवाळीला सवलतीची साखर तरी मिळेल.