गुरुवारचा सुतार

पट्टा-करवत, जिला भोसरीपासून चाकणपर्यंत या नावाने कोणीही ओळखत नाही आणि सगळे जण ‘बँडसॉ’च म्हणतात, ती म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन चाकांवरून धावणारे, टोकाला टोक जोडून गोल केलेले आणि एका कडेला दात असलेले पोलादी पाते होय. या व्याख्येत मनुष्य कोठेही येत नाही, ही गोष्ट अभ्यासकाने प्रारंभीच ध्यानात घ्यावी, कारण यंत्राच्या हिशेबातही तो येत नाही. समोर जे येईल ते कापायचे, एवढेच यंत्राला ठाऊक असते. मांस आणि गोठवलेली मासळी यांच्या मोठ्या कारखान्यांत हाडे कापण्यासाठी याच जातीचे यंत्र वापरतात, हे लक्षात घेता, ते सागवान आणि करंगळी यांत काही भेद करील अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरते.

या यंत्राची कल्पना विल्यम न्यूबेरी या इंग्रज गृहस्थाला सुचली आणि १८०९ च्या सुमारास त्याला तिचे पेटंटही मिळाले. परंतु पात्याची दोन टोके टिकाऊपणे जोडण्याची विद्या कोणालाच अवगत नसल्यामुळे पाते वारंवार तुटत असे आणि कल्पना कागदावरच राहिली. पुढे १८४६ मध्ये अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या फ्रेंच बाईंनी टोके सांधण्याची रीत शोधून काढली आणि यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागले. पुरुषाने मोठ्या उत्साहाने काम हाती घ्यावे, ते सदतीस वर्षे पडून राहावे आणि शेवटी बाईने ते तडीस न्यावे, हा क्रम केवळ घरातील गळक्या नळापुरता मर्यादित नाही, याचा हा ऐतिहासिक पुरावा मानता येईल.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात या पट्टा-करवतीचा जो उपासक आढळतो, त्याला सोयीसाठी ‘गुरुवारचा सुतार’ म्हणावे लागेल. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर या माळरानावर कारखान्यांची जी दाटी झाली, तिच्यात साप्ताहिक सुटी रविवारी नव्हे तर गुरुवारी घेण्याची रीत रुळली. त्यामुळे येथील हौशी माणसाला आठवड्यातून एक दिवस असा मिळतो, की त्या दिवशी मुले शाळेत, पुण्यातले नातेवाईक कचेरीत आणि तो एकटा घरी असतो. ज्या दिवशी आजूबाजूला मदतीला कोणी नाही, तोच दिवस धारदार यंत्रासाठी राखून ठेवण्याची ही व्यवस्था कोणी मुद्दाम केलेली नसली, तरी तिच्यात काही उणीव काढता येत नाही.

हा सुतार जातीने, धंद्याने वा शिक्षणाने सुतार नसतो. तो चाकणच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता विभागात असतो किंवा प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून भाग घडवण्याच्या विभागात, पर्यवेक्षक असतो. निगडी प्राधिकरणात, चिखलीत किंवा मोशीत त्याचे घर असते आणि दुचाकीसाठी असलेल्या जागेत त्याची कर्मशाळा असते, म्हणून दुचाकी पावसात असते. कामावर असताना त्याच्याइतका सावध प्राणी सापडणे कठीण. पायांत सुरक्षा-बूट, डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे, पिवळ्या रेषेच्या आत चालणे, जिना उतरताना कठड्याला हात, हे सारे तो झोपेतही करू शकतो. ‘निअर मिस’, म्हणजे जो अपघात होता होता राहिला त्याची लेखी नोंद, तो दरमहा ठरलेल्या संख्येने भरून देतो, आणि महिनाअखेरीस ती संख्या कमी पडल्यास एखादा अपघात होता होता राहिलेला आठवून काढतो. १९६६ च्या ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून दरवर्षी त्या तारखेपासून जो सुरक्षा सप्ताह साजरा होतो, त्यात घोषवाक्य लिहून त्याने मिळवलेला जेवणाचा डबा घरात आजही वापरात असतो.

तोच मनुष्य गुरुवारी सकाळी अकरा वाजता बनियन, अर्धी चड्डी आणि अंगठा तुटलेली स्लीपर अशा वेषात मिनिटाला आठशे फेरे घेणाऱ्या चाकासमोर उभा राहतो. या विरोधाभासाचे स्पष्टीकरण मानसशास्त्रात शोधण्याची गरज नाही. आठवड्याचे सहा दिवस सुरक्षितता ही कंपनीची मालमत्ता असते, आणि कंपनीची मालमत्ता गेटबाहेर नेण्यास मनाई असल्यामुळे तो ती प्रामाणिकपणे लॉकरमध्ये ठेवून येतो. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आडोसा असावा, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे २१ वे कलम बजावून गेले. परंतु घरी कामगार तोच, मालक तोच आणि निरीक्षकही तोच असल्यामुळे तपासणी नेहमीच समाधानकारक होते.

पट्टा-करवतीचा खरा धोका तिच्या सालस स्वभावात आहे. टेबलावरील गोल करवत गर्जना करते, आणि लाकूड पात्यात अडकले तर ते उलटे कारागिराच्या पोटावर फेकते; त्यामुळे तिच्यासमोर उभा राहणारा मनुष्य आपोआप नम्र होतो. पट्टा-करवतीचे पाते वरून खाली जाते आणि लाकूड टेबलावरच दाबून धरते, म्हणून ते उलटे फेकले जात नाही. आवाजही शिलाई यंत्राच्या मोठ्या भावासारखा. भीती जाते, हात सैल होतो आणि बोटे पुढे सरकतात. चौदा इंची चाकांच्या घरगुती यंत्राचे पाते मिनिटाला सुमारे ९०० मीटर, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर वेगाने धावते. संध्याकाळी कारखाने सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकातील कोणत्याही वाहनाला हा वेग गाठता येत नाही, म्हणून तेथून नुकत्याच घरी आलेल्या मनुष्याला त्याची कल्पना नसणे क्षम्य आहे. पात्याला इंचाला चार दात असतील तर सेकंदाला सुमारे २४०० दात एका जागेवरून जातात, आणि ‘अरे’ एवढे मनात येऊन हात मागे घ्यायला पाव सेकंद जरी लागला, तरी तेवढ्यात ६०० दातांचे काम उरकलेले असते.

म्हणून हात पात्यापासून किमान तीन इंच दूर असावा, असा जो नियम जगभर सांगतात, त्याचे मराठी भाषांतर ‘चार बोटे अंतर’ असे होते. तांदूळ शिजवताना वर किती पाणी ठेवावे हेही आपल्याकडे बोटांवरच मोजत आले आहेत. परंतु मापपद्धतीच्या दृष्टीने पाहता, ज्या नियमाचा भंग केल्यास ते मोजण्याचे साधनच कमी होते, असा दुसरा नियम सापडणे अवघड. चार बोटांच्या आत लाकूड ढकलायचे झाल्यास हाताऐवजी ढकलकाठी, म्हणजे टोकाला खाच पाडलेली साधी पट्टी, वापरावी. ती कापली गेली तर दुसरी करता येते, हा तिचा बोटापेक्षा असलेला मुख्य गुण होय. अंगठ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण बोटे जपणारा मनुष्यही अंगठा लाकडाच्या मागच्या कडेला, नेमका पात्याच्या रेषेत ठेवतो. आणि गाठ संपून लाकूड अचानक मऊ लागले की जोर तसाच राहतो व अंगठा एकटाच पुढे प्रवास करतो.

पात्यावर एक सरकते आवरण असते, आणि त्याच्याच खाली पाते डगमगू नये म्हणून आधार देणारे गाईड असते. हे दोन्ही लाकडाच्या पृष्ठभागापासून पाव इंचावर आणून ठेवावे, म्हणजे उघडे पाते गरजेपुरतेच दिसते. बहुसंख्य गुरुवारचे सुतार ते कायम सर्वांत वर चढवून ठेवतात. कारण विचारल्यास ‘नीट दिसत नाही’ असे सांगतात. जे दिसायला हवे ते खाली टेबलावर पेन्सिलीने आखलेले असते. वर दिसते ते फक्त संकट.

हातमोज्यांच्या बाबतीत कारखान्यातील संस्कारच आडवे येतात. पत्र्याच्या धारेपासून वाचण्यासाठी कंपनीत मोजे सक्तीचे, म्हणून घरी सुरक्षित वागण्याचा झटका आलेला मनुष्य प्रथम तेच चढवतो. फिरत्या यंत्रावर मात्र मोजा हा शत्रू होय. उघडे बोट निसटले तर जखम होते, परंतु मोज्याचा धागा दातांत सापडला तर पाते बोटासकट मोजा आत ओढते. बोट दिले की मनगट धरणारी माणसे मराठीला परिचित आहेत. हे यंत्र त्यांच्यातलेच. सैल बाही, गळ्यातील साखळी, जानवे आणि मनगटावरचे यात्रेतून आणलेले दोरे यांनाही हाच न्याय लागू होतो. दोरा ज्या संकटापासून रक्षणासाठी बांधला, ते संकट दोऱ्यालाच धरून येऊ नये, म्हणून तो काढून खिशात ठेवला तरी श्रद्धेला बाध येत नाही.

लाकडाचा पुरवठा हा या पट्ट्याचा खास विषय आहे. परदेशातून यंत्रसामग्री ज्या पाईनच्या खोक्यांत आणि पॅलेटवर, म्हणजे फळ्या ठोकून केलेल्या पाटांवर, येते, ते लाकूड पुढे भंगारात निघते आणि हौशी माणसाच्या हाती लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथील बांधकामे पाडेपर्यंत चिखलीजवळची कुदळवाडी ही अशा सर्व टाकाऊ वस्तूंची पंढरी होती. अशा फळीवर ‘एचटी’ हा शिक्का असेल तर लाकूड कीड मारण्यासाठी गाभ्यापर्यंत ५६ अंशांना किमान ३० मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ असेल तर ते मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरवलेले असते, आणि त्याचा पोळपाट करण्याचा मोह आवरलेला बरा. शिक्का कोणताही असो, फळीत खिळा असतोच. चुंबक फिरवून तो शोधण्यास दोन मिनिटे लागतात. पात्याने शोधल्यास तो क्षणात सापडतो, मात्र त्या शोधात पाते संपते. तुटलेले पाते बहुधा यंत्राच्या दारांआडच राहते, तरी ती दारे बंद असावीत आणि यंत्राच्या उजव्या अंगाला, जिकडे ते बाहेर फेकले जाण्याचा संभव असतो, कोणाला उभे राहू देऊ नये. तुटण्यापूर्वी ते पुष्कळदा ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज करून पूर्वसूचना देते. तो आवाज मोठा करून ऐकण्यासाठी जवळ जाऊ नये, एवढेच.

गोल लाकडाचा वेगळा उल्लेख अटळ आहे, कारण प्रत्येक गुरुवारच्या सुताराला केव्हातरी लाटणे करावेसे वाटते. गोल ओंडका नुसता टेबलावर धरून कापायला गेल्यास दात त्याला फिरवतात, आणि धरलेला हात त्याच्याबरोबर पात्याकडे गुंडाळला जातो. म्हणून व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यात तो बसवूनच कापावा. सरळ फळीही पुष्कळदा आखलेली रेघ सोडून एका बाजूला जाते. त्याचे कारण बहुधा एका कडेचे दात बोथट झालेले असतात किंवा पात्याचा ताण कमी असतो. परंतु कारागीर टेबलाला, फेन्सला, म्हणजे लाकूड सरळ चालवण्यासाठी टेबलावर बसवलेल्या आडपट्टीला, आणि अखेर लाकडाला दोष देतो, आणि अंगण वाकडे असल्याची तक्रार सुतारीतही तितकीच जुनी ठरते. वाकडे जाणारे लाकूड हाताने दाबून रेघेवर आणण्याचा प्रयत्न हा मात्र विनोदाचा विषय नाही. पाते बदलणे स्वस्त पडते.

वीज जाणे आणि चहा येणे या दोन घटनांकडे शास्त्रीय ग्रंथांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वीज गेली की यंत्र थांबते, सुतार बटण तसेच ठेवून पात्याला अडकलेली ढलपी बोटाने काढू लागतो, आणि नेमकी तेव्हाच वीज परत येते. यावर उपाय म्हणून असे बटण मिळते की जे वीज जाताच आपोआप बंद होते आणि पुन्हा दाबल्याखेरीज सुरू होत नाही. ते बसवून घ्यावे, आणि ते बसवले तरी यंत्राला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. चहाचे तसे बटण नाही. पाठीमागून ‘चहा झाला’ अशी हाक आली की मान वळते आणि हात पुढेच जात राहतो. म्हणून घरच्यांनी समोर येऊन, काप पूर्ण होईपर्यंत मुकाट्याने थांबावे, असा दंडक हवा. बटण बंद केल्यावरही चाके बराच वेळ आपल्या जडत्वाने फिरत राहतात आणि पाते निःशब्द धावत असते. चहाचा कप त्याच टेबलावर ठेवण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

भुशाविषयी थोडक्यात सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले आहे, म्हणून नाकावर नीट बसणारा मुखपट असावा. आणि वरच्या गच्चीवर कुरडया वाळत असतील तर त्या दिवशी यंत्र सुरू न करणे हाही सुरक्षिततेचाच भाग समजावा.

सर्वांत घातक काळ कोणता, याचे उत्तर गणपतीच्या आदल्या रात्री मिळते. मखराची महिरप अर्धी झालेली असते, सकाळी मूर्ती यायची असते, आणि ‘एवढा एकच काप’ हे तीन शब्द उच्चारले जातात. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती शेजाऱ्यांच्या झोपेसाठी. तिच्यामुळे कित्येक बोटेही वाचत असावीत, याचे श्रेय तिला कोणी देत नाही. तो एक काप सकाळी करावा, किंवा मखर अर्धेच ठेवून त्यावर झेंडू लावावा.

वर्षातून एकच दिवस असा येतो की त्या दिवशी ही सगळी पथ्ये तंतोतंत पाळली जातात. खंडेनवमीला यंत्र पुसले जाते, दारे लावली जातात, आवरण खाली आणले जाते, प्लग काढला जातो, आणि मंडळी स्वच्छ, नेटके कपडे घालून चार बोटांहून बऱ्याच अधिक अंतरावर हात जोडून उभी राहतात. दसरा झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी वरच्या चाकाचे दार उघडून झेंडूच्या माळेचा दोरा आत राहिलेला नाही ना, एवढे वाचकांनी अवश्य पाहून घ्यावे.