नऊ अधिक शेठ

भोसरी एमआयडीसीत "तुमच्याकडे माणसं किती?" हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. विचारतंय कोण, यावर उत्तर ठरतं. कर्ज देणारा बँकवाला असेल तर शेठ म्हणतात, "बारा-पंधरा धरा." मुलीच्या सोयरिकीसाठी आलेले पाहुणे असतील तर, "असतील वीस-बावीस, मोजत बसायला वेळ कुणाला आहे!" आणि काखेत फाइल घेतलेला एखादा अनोळखी गृहस्थ दारात उभा राहिला, तर त्याने तोंड उघडण्याआधीच आतून आवाज येतो, "नऊ!"

खरा आकडा नऊच. शेठना नाव देण्यात अर्थ नाही, कारण एमआयडीसीच्या कुठल्याही गल्लीत शिरा, चार गाळ्यांआड ते भेटतात. दोन लेथ, एक मिलिंग, हप्त्यावरची एक सीएनसी, कोपऱ्यात ड्रिल आणि काचेच्या केबिनमध्ये देव, दिनदर्शिका, जीएसटीच्या फाइली. शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी. अंगाला कूलंटचा वास. कामगार त्यांना शेठ म्हणतात, बँक प्रोप्रायटर म्हणते, मोठ्या कंपनीतला पर्चेसवाला "अहो व्हेंडर" म्हणतो. हेल्पर आला नाही की तेच हेल्पर होतात, ड्रायव्हर आला नाही की टेम्पो तेच नेतात. सुट्टी ही गोष्ट त्यांनी शेवटची उपभोगली ती पिंपरीतल्या एका कंपनीत कामगार असताना. तेव्हा ते युनियनमध्ये होते आणि कँटीनच्या जेवणात दुसरी भाजी मिळावी म्हणून गेटवर घोषणा देत असत. हे आता त्यांच्या कामगारांना कळू नये याची ते फार काळजी घेतात. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तर नऊ. दहावा माणूस आला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, येते, ग्रॅच्युइटी येते. बरं, तो दहावा महिनाभरात पळून गेला म्हणून ईएसआय त्याच्या मागोमाग जात नाही. एकदा लागू झाली ती झाली, मग गाळ्यात चारच माणसं का उरेनात. ठेकेदाराकडून घ्यावा, तर ठेकेदाराचा माणूसही मोजतात. हे सगळं शेठना कलमांसकट पाठ आहे. हाताशी दोन माणसांचं जास्तीचं काम आलं, की ते ऑर्डरीकडे बघतात, नवाकडे बघतात आणि काम शेजारच्या गाळ्यात देऊन टाकतात. शेजारच्यांचेही नऊच आहेत. त्यामुळे संध्याकाळी तेच काम तिसऱ्या गाळ्यात सापडतं. वहिनी रोज रात्री घरी हिशेब लिहितात, बिलं करतात, पोर्टलवर चलनं भरतात. त्या मोजणीत येत नाहीत. पगारातही येत नाहीत.

या नवाच्या कुंपणाने वाचतं किती? सगळ्यांना 18,000 पगार धरला, तर मालकाचा ईएसआयचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे माणशी महिना 585 रुपये. दहा जणांचे वर्षाचे 70,200. आता केबिनच्या खणातली लाल डायरी उघडा. तिच्यात उचल लिहिलेली असते. टर्नरकाकांच्या घरचं ऑपरेशन, 40,000. मिलिंगवाल्याच्या बायकोचं बाळंतपण, 15,000. ड्रिलवरच्या पोराचं बोट, 22,000. बेरीज 77,000. "दिवाळीला कापू," असं शेठ दर वेळी बजावतात. दिवाळीला बोनस देतात आणि कापायचं राहून जातं. एवढ्यात ईएसआयचा दवाखाना घरच्यांनाही मिळाला असता, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरीही मिळाली असती. वहिनींनी हा हिशेब एकदा मांडून दाखवला. शेठ म्हणाले, "उचलीला फॉर्म नसतो."

इथेच त्यांचं मर्म आहे. पैशाला शेठ भीत नाहीत, कागदाला भितात. व्यवसाय कराचंच घ्या. महिन्याला माणशी 200 रुपये, पण फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500 जुळावेत म्हणून ही योजना. शेठचं म्हणणं, सगळ्यांत लहान महिना आणि त्यालाच सगळ्यांत मोठा कर, हे ज्याला सुचलं त्याला त्यांनी एकदा लेथवर उभं केलं असतं. कामगार कल्याण निधी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जीएसटीचं एक विवरण 11 तारखेला, दुसरं 20 तारखेला. शाफ्टवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक शेठना पाच पावलांवरून दिसते, पण पोर्टलवर ओटीपी टाकताना सहाच्या जागी नऊ पडतो.

सुट्ट्यांचं खातं त्यांनी दिनदर्शिकेवर मांडलंय. कायद्यातली रजा वेगळी आणि गाळ्यातला खाडा वेगळा. कायदा सांगतो वीस दिवस भरले की एक दिवस पगारी रजा. गाळा सांगतो गावची जत्रा, भावकीतलं लग्न, पेरणी, वारीत एक मुक्काम तरी, आणि गौरी आल्या की गौरी जेवेपर्यंत. साताऱ्याकडच्या काकांच्या जत्रेवर लाल गोल, बीडच्या पोराच्या उरुसावर निळा. छटपूजेला बिहारचा सीएनसी ऑपरेटर जाणार, ही बातमी पूर्वी शेठना चार महिने आधी कळायची, कारण रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेने ते 60 दिवसांवर आणलं. तेव्हापासून शेठची झोप दोन महिने उशिरा उडते.

त्याच नोव्हेंबरात, 20 तारखेला, विधानसभेचं मतदान होतं. मतदानाची सुट्टी पगारी, हा कायदा. वार बुधवार. आणि भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, लाइटच नसते. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता गाळ्यात जी शिस्त दिसली ती एरवी दिसत नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी मशीन पुसून लख्ख, सगळे स्वारगेटच्या वाटेवर. शुक्रवारी सहा जण उगवले. उरलेल्या तिघांची बोटं शेठनी शनिवारी तपासली. शाई तिघांच्याही बोटाला होती, त्यामुळे लोकशाहीपुढे बोलता येईना.

एक दिवस मात्र खाडा नसतो, खंडेनवमीचा. त्या दिवशी मशीन धुऊन पुसून, झेंडूचे हार घालून उभी असतात. शेठ प्रत्येक लेथला हळदकुंकू लावतात, नऊ पाकिटं आणि नऊ पुडे वाटतात. वरचा दहावा पुडा शेजारच्या गाळ्यातल्या नवांसाठी असतो.

दारावर पाटी आहे: "टर्नर, सीएनसी सेटर, ऑपरेटर पाहिजेत." पावसाने "पाहिजेत" पुसट झालंय, पण गरज ताजी आहे. मुलाखत शेठ स्वतः घेतात. हातात व्हर्नियर आणि एक गोल बार देतात. "माप सांग."

"पंचवीस."

"पंचवीस किती?"

"पंचवीसच."

शेठ त्याच्या हातावर हात ठेवून जबडा हलका दाबतात. "आधी वरची पट्टी वाच. आता खालच्या पट्टीवरची कुठली रेघ वरच्या रेघेच्या अगदी समोर आली ते बघ. ती मोज. एक रेघ म्हणजे शून्य पॉइंट शून्य दोन." पोरगा डोळा बारीक करतो. "पंचवीस पॉइंट... अठ्ठावीस?" शेठचा चेहरा असा उजळतो, की पोराची नोकरी पक्की हे बाहेरच्या चहावाल्यालाही कळतं.

मग सहा महिने मोडलेली इन्सर्ट, सहा महिने रिजेक्शन, आणि दीड वर्षात पोरगा तयार. तयार झाला की चाकणची कंपनी त्याला उचलते. तिथे बस आहे, कँटीन आहे, गणवेश आहे, तीन हजार जास्त आहेत. जाताना तो शेठच्या पाया पडतो. शेठ आशीर्वाद देतात आणि आत येऊन म्हणतात, "हा गाळा नाही, फी माफ असलेली आयटीआय आहे."

मध्यंतरी त्यांना शोध लागला, की शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचा शिकाऊ हा कामगार धरला जात नाही. म्हणजे दहावा माणूस, तोही मोजणीबाहेरचा! वर त्याच्या विद्यावेतनातले 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार भरतं. शेठ आठवडाभर हवेत होते. पोर्टलवर नोंदणी झाली, करार झाला, आधार जुळेना, जुळलं तर बँक खातं जुळेना. अखेर शिकाऊ आला. हुशार निघाला. मुदत संपली, प्रमाणपत्र आलं, आणि तो चाकणला गेला. आता तिथून तो शेठना फोन करतो आणि गाळ्यातल्या पोरांपैकी कुणी तयार आहे का विचारतो.

सरकारला छोट्या उद्योगांची कळकळ नाही असं शेठ म्हणत नाहीत. उलट, ती जरा जास्तच आहे असं त्यांचं मत. 2006च्या कायद्यात यंत्रसामग्री 25 लाखांपर्यंत असेल तर सूक्ष्म उद्योग. शेठनी सीएनसी घेतली आणि ते लघू झाले. पेढे वाटावेत की काळजी करावी हे ठरेपर्यंत जुलै 2020 आला, मर्यादा एक कोटी झाली आणि ते परत सूक्ष्म. एप्रिल 2025पासून अडीच कोटी. "मी वाढायचं म्हटलं की हे माप वाढवतात," शेठ म्हणतात, "आयुष्यभर मी बालवर्गातच."

कायद्याने त्यांचं बिल 45 दिवसांत मिळायला हवं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तेही दरमहा. एप्रिल 2024पासून वेळेत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरातही वजा मिळत नाही. हे वाचून शेठनी वहिनींना आइस्क्रीम आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी पर्चेसवाल्याचा फोन आला, आवाजात लोणी: "शेठ, छोटा उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी नाहीये ना? नसली तर फार बरं!" पैसे अजूनही नव्वद दिवसांनीच येतात. तक्रारीला पोर्टल आहे. पण आज तक्रार केली तर उद्या काम कुणाकडे मागायचं?

21 नोव्हेंबर 2025ला चार कामगार संहिता लागू झाल्या, 29 कायदे त्यांत विलीन झाले. शेठ म्हणाले, "बरं झालं. आता एकोणतीस जणांना भ्यायचं नाही, चौघांनाच." पगारी रजेला पूर्वी 240 दिवस भरावे लागत, ते 180 झाले, हे त्यांना टर्नरकाकांकडून कळलं. काका वाचतात. चहाच्या सुट्टीत त्यांनी पुढचंही काढलं.

"शेठ, दहा नसले तरी ईएसआय आपणहून घेता येते म्हणे. मालक राजी आणि निम्म्याहून जास्त माणसं राजी, एवढंच लागतं."

गाळ्यात एकदम शांतता. पोरांनी बिस्किटं कपातच धरून ठेवली. नवाचं कुंपण आतूनच कुणी उघडेल हे शेठच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी लाल डायरी हातात घेतली, वहिनींची 77,000ची बेरीज पाहिली, डायरी मिटली.

"माणसं राजी आहेत?"

नऊ हात वर.

"मग घेऊ की. मी काय नको म्हणतोय? परवाच्या शाफ्टचं बिल तेवढं येऊ द्या, लगेच भरतो."

"बिल कधी येणार?" काकांनी विचारलं.

शेठ गंभीरपणे म्हणाले, "कायद्याने? पंचेचाळीस दिवसांत."

पहिलं हसू काकांना फुटलं, मग सगळ्या गाळ्याला. सगळ्यांत मोठ्याने शेठ हसले. हसता हसता डोळे पुसले आणि ओरडले, "ए, झाला की चहा! चला मशीनवर. आणि आज लवकर सोडणार नाही, टेम्पो मलाच न्यायचाय."