सर्व काही समाविष्ट

क्रूझच्या जाहिरातीत लहान मूल नसतं. मावळता सूर्य असतो, कठड्याला रेललेलं जोडपं असतं, तिच्या केसांना मोजून दिलेला वारा असतो. मूल दाखवलंच तर ते आठ-दहा वर्षांचं, दात पडून पुन्हा आलेलं, आपली टोपी आपणच घालणारं. एका हातात चपातीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात आईचा चष्मा धरलेलं पावणेदोन वर्षांचं मूल मी तरी कुठल्या माहितीपत्रकावर पाहिलेलं नाही. बोटवाल्यांना ही जमात ठाऊक नसते असं नव्हे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक बोटी घेतच नाहीत. त्याच्या वरचं घेतात, आणि मग आईबाप आहेतच.

तरी आम्ही गेलो. मुंबई-गोवा-मुंबई. नोव्हेंबरात, पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर. नवऱ्याचं म्हणणं असं की तान्ह्या पोराला घेऊन फिरायला याच्याइतकी सोय दुसरी नाही. बॅग एकदाच उघडायची, घाट नाही, खड्डे नाहीत, महामार्गावर बाजूला गाडी घेऊन डायपर बदलणं नाही, आणि जेवणखाण, करमणूक, सगळं तिकिटात. 'सर्व काही समाविष्ट' हे तीन शब्द त्याने घरात इतक्या वेळा उच्चारले की आमची लेक ठकीसुद्धा 'मावित, मावित' म्हणू लागली.

सासऱ्यांना यातलं काही पटलं नाही. ते मालवणचे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणबोटींतून लहानपणी गेले-आलेले. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड ही बंदरं ते अजून एका दमात म्हणतात आणि मालवणला थांबतात; पुढे वेंगुर्लं आणि पणजी असली तरी त्यांच्या लेखी बोट तिथे रिकामी होते. धक्का नसलेल्या बंदरात बोट लांब उभी राहायची, माणसं पडावात उतरायची आणि पोरं वरून खाली हातोहात दिली जायची. "मलापण दिलंय तसं," ते सांगतात. "खाली घेणारा कोण होता, ते आईलासुद्धा माहीत नव्हतं." असा बालपणीचा अनुभव असलेल्या माणसाला मधे एकही बंदर न घेणारी बोट म्हणजे शुद्ध फसवणूक वाटते. "पैसे देऊन बोट लागून घ्यायची, आणि मालवणला उतरायचं नाही? मग जाताय कशाला?"

सासूबाईंनी प्रश्न विचारला नाही. त्यांनी पिशवी भरली. नाचणीसत्त्व, तांदळाची पिठी, मेतकूट, गूळ, सुंठ, वेखंड, जायफळ, उगाळायला सहाण आणि एक विजेची किटली.

बॅलार्ड पिअरच्या तपासणीत ही पिशवी यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. बोटीला पाण्यापेक्षा आगीची भीती जास्त, त्यामुळे किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड यांतलं काही वर नेता येत नाही. किटली काढून घेऊन पावती मिळाली. मग साहेबांनी पुड्या बाहेर काढल्या.

"ये क्या है?"

"पावडर है," नवरा म्हणाला.

सुरक्षा तपासणीत माणसाने उच्चारू नये असा शब्द असेल तर तो हा. साहेबांनी दुसऱ्या साहेबांना बोलावलं. पिवळी पावडर, तपकिरी पावडर, पांढरी पावडर अशा तीन पुड्या टेबलावर ओळीने लागल्या आणि आमच्या मागची रांग मान उंचावून बघू लागली. शेवटी आतून एक बाई आल्या. त्यांनी पहिली पुडी नाकाशी धरली. "मेतकूट आहे सर. जाऊ द्या त्यांना." मग सहाण हातात घेऊन हळूच मला विचारलं, "जायफळ देता का झोपेसाठी?"

"देते."

"झोपते?"

"नाही."

"आमचापण नाही झोपत," म्हणत त्यांनी सहाण परत ठेवली आणि पिशवीची चेनही लावून दिली.

वर पाय ठेवतो न ठेवतो तोच सुरक्षा कवायत. सात आखूड भोंगे आणि एक लांब. नवऱ्याने जाण्याआधी आठवडाभर इंटरनेटवर बोटींचाच अभ्यास केलेला असल्याने तो भोंग्यांच्या मधल्या जागेत माहिती देत होता. पूर्वी म्हणे ही कवायत चोवीस तासांत कधीही उरकली तरी चालायची. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा तिच्यावर त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. म्हणून आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या-सुटल्या ती घ्यावी लागते. आजूबाजूची समस्त बाळं भोंगा ऐकून टाहो फोडत होती. ठकीने टाळ्या वाजवल्या. आठवा भोंगा संपला तशी "पुन्ना!" म्हणाली. पुन्हा भोंगा वाजला तर ते आपल्याला परवडणार नाही, हे तिला समजावण्यात आमचा पुढचा तास गेला. मुंबई मागे पडताना दिसते फार देखणी, असं सहप्रवाशांकडून कळलं.

आमची केबिन आतली होती. म्हणजे बिनखिडकीची. बाल्कनीची केबिन घ्यायची ऐपत नव्हती असं नाही म्हणणार, म्हणजे नव्हतीच; पण जे मूल कठडा दिसला की आधी त्यावरून बाहुली फेकतं आणि मग बाहुलीमागे वाकतं, त्याला घेऊन बाल्कनीत बसण्यात कसली आलीय विश्रांती? केबिनमध्ये पलंग होता, कपाट होतं, आणि बाळासाठी मागवलेला घडीचा पाळणा उघडल्यावर जमीन नव्हती. दिवा मालवला की मिट्ट काळोख. अशा काळोखात ठकी आठ वाजता झोपली.

आता खरी पंचाईत. बाहेर गाण्याचा कार्यक्रम, नाच, चार ठिकाणी जेवण, सगळं समाविष्ट. आणि आम्ही दोघं अंधारात उभे. बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही, बॅगेची चेन उघडायची नाही. शेवटी नवरा बुफेतून दोन ताटल्या भरून घेऊन आला आणि आम्ही न्हाणीघरात शिरून दार लावून घेतलं. तो कमोडच्या झाकणावर, मी शॉवरच्या उंबऱ्यावर. मधे, वॉशबेसिनवर, चॉकलेट मूस. बोटीच्या न्हाणीघराला हा उंबरा चांगला वीतभर असतो, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून, आणि त्यावर बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात. तशा अवस्थेत आम्ही लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच इतका वेळ निवांत बोललो. नवऱ्याने मला नॉट समजावून सांगितला: १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे १६ नॉटने चाललेली बोट ताशी तीसच्या आसपास. मोरमुगाव सव्वादोनशे सागरी मैलांच्या घरात. "म्हणजे चौदा तास," मी म्हटलं, "वंदे भारत आठ तासांत मडगावला सोडते." त्यावर त्याने मूस खाल्लं.

एकच अडचण होती. बोटीवरचा फ्लश हवेच्या दाबावर चालतो, विमानातल्यासारखा. तो ओढला की अख्खी केबिन दचकते. त्यामुळे ठकी झोपेत असताना तो ओढायचा नाही, असा आमच्यात करार झाला. कराराचे बाकीचे तपशील सांगण्यासारखे नाहीत.

सकाळी बोटीचा आणि आमचा हिशेब हळूहळू स्पष्ट होत गेला. मुलांसाठी खेळघर होतं. तीन वर्षं पूर्ण झालेल्यांना. पोहण्याचा तलाव होता. डायपरमधल्या मुलांना मज्जाव. हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच, मी स्वतः तलावात असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण चारी बाजूंना क्षितिजापर्यंत अरबी समुद्र, मधोमध निळाशार तलाव, आणि आमची लेक न्हाणीघरात बादलीत बसून मगने पाणी उडवते आहे, या चित्रासाठी मोजलेली रक्कम मी मनातल्या मनात पुनःपुन्हा आठवत होते. नाट्यगृहात काळोख होतो म्हणून ती रडली. कॅसिनोत मुलांना नेता येत नाही. स्पाच्या दारावर शांतता राखा असं लिहिलेलं. तिथून आम्ही चवड्यांवर गेलो.

ठकीच्या लेखी बोटीवर बघण्यासारखी वस्तू एकच होती: लिफ्ट. बटण दाबलं की दिवा लागतो, दार उघडतं, आत माणसं असतात, माणसं 'हाय बेबी' म्हणतात, दार मिटतं. दहा मजली जहाज, आणि आमचा सगळा मुक्काम त्या चौरसात. आम्ही माणसांना खाली-वर पोचवत होतो. दुपारपर्यंत लोक आम्हाला मजला सांगू लागले. एका गुजराती काकांनी तर विचारलं, "जैन काउंटर कौनसे फ्लोर पे?" मला माहीत होतं.

जेवणाची कथा वेगळी नाही. बुफेत इटालियन होतं, चिनी होतं, पंजाबी होतं, केकचे तर मनोरेच. ठकीने बर्फाचा एक खडा आणि लोण्याच्या पुडीचा कागद एवढं पसंत केलं. मेतकूट होतं, पण मेतकुटाखाली घालायला मऊ भात नव्हता. बोटीवरचा भात मोकळा, दाणा न् दाणा वेगळा, पाहुण्यांसाठीचा. "भाऽत" असा सूर तिने लावला तेव्हा ताटल्या उचलणारा एक पोरगा थबकला.

"ताई, मऊ हवा ना?"

तो राजापूरचा निघाला. कोकणातली आणि गोव्यातली माणसं जगातल्या कुठल्या बोटीवर नाहीत? गोव्यात अशा माणसांना तारवटी म्हणतात, आपल्याकडे नुसतं 'तो बोटीवर असतो' एवढ्याने भागतं. पोरगा नाहीसा झाला आणि खालच्या, कामगारांच्या जेवणघरातून वाटीभर गुरगुट्या भात घेऊन आला. वर तुपाचा थेंब. प्रवाशांच्या दहा मजल्यांवर न मिळालेला पदार्थ खालच्या मजल्यावर रोज शिजत होता. ठकीने मेतकुटासकट वाटी चाटून पुसून संपवली. पोरगा उभा राहून बघत होता.

"आमचापण दोन वर्षांचा आहे. काही खात नाही म्हणे."

"म्हणे?"

"मी पाच महिने इकडेच आहे ना. बायको रोज फोनवर तेवढंच सांगते. आज मी सांगतो तिला, मेतकूट लावून बघ." आणि तो पुढच्या टेबलाकडे वळला. त्या भाताचे त्याने पैसे घेतले नाहीत, घेण्याची पद्धतही नव्हती.

समुद्र तसा शांत होता. तरी दुपारी बोट किंचित डुलू लागली आणि नवरा पांढरा पडला. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट सहसा लागत नाही, हे त्यानेच वाचून मला सांगितलं होतं. बापांविषयी काही वाचलं नसावं. ठकी मुळात डुलतच चालते. जमीन डुलायला लागल्यावर ती सरळ चालू लागली. कॉरिडॉरमध्ये धडधाकट माणसं भिंतींना धरून चालली होती आणि त्यांच्या मधून ही बाई तोल सावरल्यासारखं काहीही न करता लिफ्टकडे निघाली होती. नवऱ्याने गोळी घेतली, आलेपाकाची वडी तोंडात धरली आणि तो पाळण्याकडे पाय करून असा झोपला की मोरमुगावचा धक्का लागलेला त्याला मी उठवून सांगितला.

गोव्यात उतरायला मोजके तास. बोट कोणासाठी थांबत नाही, हे इतक्या भाषांत सांगितलं होतं की आम्ही लांब जायचं सोडून बोगमाळोची टॅक्सी केली. टॅक्सी सुरू झाली आणि ठकी झोपली. पोचलो आणि ती उठली. किनाऱ्यावर तिने समुद्राकडे एकदा पाहिलं, पाठ केली आणि वाळूत फतकल मारली. एक कुत्रा आला. "भूभू!" दुसरा आला. "भूभू!" एवढा आनंद तिला तिकिटातल्या कुठल्याच गोष्टीने दिला नव्हता. नारळपाणीवाल्याने कुत्र्यांची नावं सांगितली. आम्ही तासभर तिथेच बसलो, ऊन खात, काहीही न करता; आणि माझ्या मते सुट्टी जी काय झाली ती ही. डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत सात कुत्रे आहेत, हे मी त्या वेळी नवऱ्याला म्हटलं नाही.

परतीच्या रात्री सामान केबिनच्या दाराबाहेर ठेवायचं असतं. रातोरात ते उचललं जातं आणि सकाळी थेट धक्क्यावर मिळतं. नवरा आता बरा झाला होता आणि अपराधी भावनेने कामाला लागला होता. ठकीला निजवायला मी बाहेर फिरवत होते तेवढ्यात त्याने एकट्याने सगळं भरलं. डायपर भरले, खाऊ भरला, कपाट झाडून रिकामं केलं. स्वतःची पँटही भरली. सकाळी त्याच्या अंगावर रात्रीची अर्धी चड्डी होती आणि तिच्यावर बदकं होती.

तशा वेषात तो उतरायच्या रांगेत उभा राहिला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "तुला सरप्राइज आहे."

"पँट सापडली?"

"अगं नाही. काल संध्याकाळी त्यांच्या काउंटरवर पुढच्या वर्षीचं बुकिंग करून टाकलं. आत्ता केलं तर सवलत. आणि पुढच्या वर्षी ठकी खेळघरात जाणार. आपण दोघं डेकवर. बिनधास्त."

"महिना कुठला?"

"नोव्हेंबरच. हाच आठवडा."

मी ठकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "पुढच्या नोव्हेंबरात ती किती वर्षांची असेल?"

"मोठी असेल."

"पावणेतीन."

रांग दोन पावलं पुढे सरकली. तो मनाशी बोटं मोजत होता. मग म्हणाला, "तीन महिन्यांसाठी अडवणार नाहीत गं."

बुकिंगचा कागद त्याच्या हातात होता. अनामत रक्कम परत मिळणार नाही, असं त्यावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं मी वाचलं. पण बोलले नाही. बदकांच्या चड्डीत उभ्या असलेल्या माणसाला एका सकाळी किती वाईट बातम्या द्यायच्या?