ऑल-इन कधी जावे? उपनगरी नवशिक्यांसाठी

आधी पोकर खेळायचे कुठे ते ठरवा. मुलुंडच्या टू-बीएचकेत पैसे लावून बसाल, तर १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे आणि त्याच्याही आधी जागी होणारी सोसायटीची कमिटी आहे. मोबाइलवर पैसे लावण्याची सोय केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने मोडीत काढली. तेव्हा घरी चिप्सऐवजी कॅरमच्या सोंगट्या घेऊन सराव करा आणि खरी टूर्नामेंट खेळायची तर बोरिवलीहून रात्रीची स्लीपर बस धरून पणजी गाठा. तिथे मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्याच आहेत. घरी ‘मंगेशीला जाऊन येतो’ असे सांगितले असेल, तर मंगेशीला खरोखर जाऊन या. प्रसाद मागितला जातो.

टेबलावर दर फेरीला पत्ते न बघता भरणा करावा लागतो: छोटा ब्लाइंड, मोठा ब्लाइंड, वर अँटी. सोसायटीचा मेन्टेनन्सच समजा. फक्त हा दर अर्ध्या तासाने वाढतो आणि थकवता येत नाही.

इथेच आपला माणूस फसतो. पीपीएफवर वाढलेला जीव; हातातले जपावे, एक्क्यांची जोडी आली की बघू, असे म्हणून तो बसून राहतो. ही जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते आणि टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. तोवर बोटीवरचे जेवणही संपलेले असते.

आता कागद-पेन्सिल घ्या. ब्लाइंड ५०० आणि १,०००, अँटी मिळून आणखी १,०००. म्हणजे पत्ते वाटताच मध्ये २,५०० पडलेले. तुमच्याकडे आहेत ८,०००, मोठ्या ब्लाइंडच्या आठपट. दहापटीच्या खाली आलात की थोडेसे लावून अंदाज घेण्याची चैन संपली. एक तर सगळे, म्हणजेच ऑल-इन, नाहीतर फोल्ड. सगळे लावलेत, तर मोठ्या ब्लाइंडवरच्या माणसाला आणखी ७,००० टाकावे लागतात आणि जिंकण्याची ४० टक्के तरी आशा असल्याशिवाय त्याला ते परवडत नाही. तो बहुतेकदा पत्ते फेकतो आणि तुम्ही काहीही न दाखवता २,५०० ओढून घेता.

तुम्ही मात्र थांबलात. दोन फेऱ्यांत ५,००० गेले, उरले ३,०००. आता हात जोडून ऑल-इन गेलात, तर त्याच गृहस्थाला २,००० टाकून ५,५०० मिळण्याची संधी आहे. त्याला २७ टक्के आशाही पुरते. इतकी आशा सत्ती-दुरीलासुद्धा असते. तुमच्या एक्का-राजासमोर ती साधारण तीनांतून एकदा जिंकते. तो पत्त्यांकडे न बघता कॉल म्हणेल आणि वर चहा मागवेल. तुमच्या ढिगाऱ्याला कोणीतरी घाबरत असते, तोपर्यंतच त्याचा उपयोग आहे.

याचा अर्थ दिसेल त्या पत्त्यावर उडी घ्या असा नव्हे. घाटकोपरला सातम-आठमच्या तीन पत्तीवर तयार झालेले गडी ही चूक आवर्जून करतात. तिथे डोळे मिटून चाल वाढवली की समोरचा पॅक करतो, म्हणून इथेही करेल असे त्यांना वाटते. आधी तुमच्या पुढचे सगळे फोल्ड झालेत का, ते बघा. मागे आठ जण बोलायचे असतील तर चांगली जोडी किंवा एक्का-राणी हवी. मागे दोघेच असतील तर एक्का आणि सोबत काहीही चालते. मागच्या दोघांपैकी एकाकडे चिप्सचा डोंगर असेल, तर मात्र जरा दमाने. त्याला तुम्हाला कॉल करणे म्हणजे रिक्षाचे सुटे पैसे.

बक्षिसे सुरू व्हायला एकच माणूस बाहेर पडायचा बाकी असताना अख्खे टेबल देव पाण्यात घालून बसते. तुमचा ढीग मधल्यांपेक्षा मोठा असेल तर त्यांना सुखाने बसू देऊ नका. तुमचा सर्वांत लहान असेल तर लाज न बाळगता तुम्हीही देव बुडवा. शेजारचा आधी जाण्याची वाट पाहणे हा इथे अधिकृत डावपेच आहे.

आणि एक्क्यांची जोडी घेऊन ऑल-इन गेलात, समोर राजांची जोडी निघाली, तरी पाचांतून जवळजवळ एकदा एक्के मरतात. उठा, हात मिळवा, ‘वेल प्लेड’ म्हणा. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बर्थवाल्याला हा डाव सांगू नका. तोही त्याच बोटीवरून आलेला असतो आणि त्याचा डाव पनवेल येईस्तोवर चालतो.