काडेपेटीवाले अण्णा

येळवशीच्या दिवशी आमच्या राजेश्वर गावच्या शिवारात कुणाच्या भज्जीत मीठ कमी पडलं आणि कुणाची अंबील फार आंबली, ही सगळी बातमी दिवस मावळेपर्यंत एकाच माणसाकडे जमा होते. त्या माणसाच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. असा माणूस इकडे बसवकल्याण-हुमनाबादपासून तिकडे आळंदपर्यंत प्रत्येक गावात एक तरी सापडतो. कुठे तो काका असतो, कुठे मामा, कुठे नुसताच ‘आपले गुरुजी’. आमच्याकडे तो अण्णा.

ज्यांच्या मुलखात येळवस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग, बीदर आणि कलबुर्गी एवढ्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. लातुरात तर कलेक्टर स्थानिक सुट्टीच देऊन टाकतात. न देऊन सांगतात कुणाला, ऑफिसात येणार कोण? शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, पिकात नैवेद्याचा चर शिंपायचा आणि मग जेवायचं. या शेवटच्या कलमाशी अण्णांचा खास संबंध.

अण्णा निघतात ते सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्याआधी घरचा चहासुद्धा अर्धाच घेतात. धोतर धुवट, टोपी कडक, आणि बंडीच्या खिशात एक काडेपेटी. आज जगभर ज्याला पॉटलक म्हणतात, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा, त्यात अण्णांचा वाटा हा एवढाच. पण हसू नका. बायका रात्रभर जागून पाच-पन्नास जणांचं रांधतात, अंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन बांध तुडवत येतात, गडी ट्रॅक्टरवर सतरंज्यांपासून घागरीपर्यंत सगळं लादतात, आणि कोपीपुढे बसल्यावर कळतं की दिवा लावायला काडी नाही. तेवढ्यात बांधावर अण्णा उभे असतात. ते कधी ‘जेवायला आलो’ म्हणत नाहीत.

‘‘पाणी आहे का गं घोटभर?’’

‘‘पाणी काय पिता अण्णा, अंबील घ्या की!’’

‘‘आता अंबील कशाला... बरं, आणलीच आहे तर दे थोडी.’’

हा संवाद दर शेतात अक्षर न चुकता होतो. अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, आलं-लसूण-जिरं लावून केलेलं पेय. नव्या मडक्यातली गार अंबील पोटात गेली की भूक पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अण्णांना हे शास्त्र पाठ आहे. म्हणून ते सर्वांत लांबच्या शेतापासून सुरुवात करून गावाकडे सरकत येतात. पहिल्या शेतात दोन घास भज्जी आणि एक बाजरीचा उंडा. दुसरीकडे धपाटा, त्यावर वांग्याचं भरीत. ‘‘पहिल्याच कोपीपाशी पोटभर जेवला, त्याला येळवस कळली नाही,’’ असं ते पोरांना सांगतात. गव्हाची खीर मात्र चौथ्या-पाचव्या शेतापर्यंत राखून ठेवतात. गोड आधी खाल्लं की जिभेची पारख जाते, हे त्यांचं मत.

पारख हा शब्द मी जपून वापरतोय. भज्जी म्हणजे पुण्या-मुंबईकडची कांदाभजी समजू नका. तुरीचे कोवळे दाणे, वाटाणा, वाल, ओला हरभरा, भुईमूग, त्यात मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजर, हिरवी चिंच, आणि वर ताकात कालवलेलं बेसन. हे सगळं एका भांड्यात रटरटून होणारा हिरवट-करडा दाट प्रकार. रूपावर जाणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. अण्णा पानातल्या भज्जीकडे आधी नुसतं बघतात. मग एक तुरीचा दाणा बोटानं चेपतात. मग घास. तोवर वाढणारी बाई पातेल्यात डाव धरून उभीच असते.

अण्णांनी ‘‘छान झालीय हां’’ म्हटलं की त्या घरात संध्याकाळी सासू-सुनेचं वाजणार हे नक्की समजावं. ‘‘चिंच कुठली?’’ असं विचारलं, म्हणजे बरी जमली. खरोखर उत्तम झाली असेल तर ते काहीच बोलत नाहीत, फक्त पान पुढे सरकवतात. आणि निकाल तिथेच राहत नाही. पुढच्या बांधावर पोचताच अण्णा सहज म्हणतात, ‘‘खालच्या मळ्यात यंदा चाकवत सढळ घातलाय.’’ एवढ्यावर पुढच्या शेतातली बाई आपल्या पातेल्यात अजून एक डाव चिंचेचा कोळ ओतते. शिवारभर चव सुधारते ती अशी.

मागच्या येळवशीला हैदराबादहून त्यांचा भाचा आला होता. गच्चीबावलीत कुठल्याशा कंपनीत आहे. पाचव्या कोपीपाशी मांडी घालून बसल्यावर त्यानं मामाला फोनमधले फोटो दाखवले. ऑफिसात 31 ऑक्टोबरला हॅलोविनचं पॉटलक झालं होतं, त्याचे. पावाच्या पट्ट्या गुंडाळून केलेले प्रेताचे पुतळे, उकडलेल्या अंड्यावर ऑलिव्हचा कोळी, बिस्किटाची कापलेली बोटं, बदामाची नखं लावलेली. अण्णांनी चष्मा वर-खाली करून सगळं नीट पाहिलं.

‘‘हे खायचं का भ्यायचं?’’

‘‘दोन्ही, मामा.’’

‘‘आणि तू काय नेलंस?’’

भाच्यानं जरा खालच्या आवाजात सांगितलं की तो चिप्सची पाकिटं घेऊन गेला होता. अण्णांचा चेहरा उजळला. घराणं पुढे चालतंय याचं समाधान त्यावर स्पष्ट दिसत होतं.

खरं तर हॅलोविनचा इतिहास कुणी अण्णांना नीट सांगितला तर ते आपला वारसाहक्क सांगतील. आयर्लंड-स्कॉटलंडकडचा सुगी संपतानाचा जुना सण तो. मध्ययुगात इंग्लंडात त्या सुमाराला गोरगरीब दारोदार फिरून मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात घरोघरचे छोटे गोड केक घेत. म्हणजे आमच्या अण्णांचाच उद्योग. फक्त अण्णा मेलेल्यांच्या भानगडीत पडत नाहीत, जिवंत सुगरणींवर त्यांचं भागतं. पुढे आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे कोरायला सलगमऐवजी भोपळा सापडला, आणि सण मोठा झाला.

भोपळ्यावर मात्र अण्णा अडले. भाच्यानं डोळे-दात कोरलेल्या भोपळ्याचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘कापला कुणी?’’ कारण आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईमाणूस लावत नाही, ती पुरुषानं लावायची. हा मानही गल्लीत अण्णांचाच. हाक आली की ते जातात, एक घाव घालतात आणि येताना एक फाक पिशवीत टाकून आणतात. दुसरा प्रश्न, ‘‘आतला गर काय केलाव?’’ गर फेकला, हे कळल्यावर ते बराच वेळ समोरच्या ज्वारीकडे बघत बसले. घारगे किती झाले असते याचा हिशोब चालला असावा.

प्रेताच्या आकाराच्या पावाचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. वाटावं तरी का? आमचं कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, चालुक्यांची राजधानी असताना, बाराव्या शतकात, तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ झाला. त्यात राजाच्या जेवणाचा मोठा भाग आहे, आणि त्यात शेतातले काळे उंदीर गरम तेलात टाकून, केस काढून, कसे शिजवायचे तेही लिहिलंय. बिस्किटाची बोटं करणाऱ्यांनी आमच्यापुढे फार मिरवू नये.

अण्णांचा खरा खटका उडाला तो यादीवर. ऑफिसात आठवडाभर आधी एक तक्ता फिरतो आणि कोण काय आणणार ते त्यात लिहायचं, म्हणजे दोघांचा एकच पदार्थ येत नाही, असं भाचा मोठ्या कौतुकानं सांगत होता.

‘‘म्हणजे एकाचीच भज्जी?’’

‘‘हो.’’

‘‘मग बरी का वाईट, कशावरनं ठरवताव?’’

भाच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. आमच्या शिवारात शंभर पातेली उतरतात आणि शंभरांत भज्जीच असते. तेच उंडे, तीच अंबील, तीच खीर. तरी शेजारच्या शेतात वाटी गेल्याशिवाय आणि त्यांची वाटी आल्याशिवाय कुणी हात धुवत नाही. मराठी घरातली वाटी कानडी घरात जाते, तिथे या सणाला एळ्ळ अमवास्ये म्हणतात, आणि तिकडून येणारी भज्जी किंचित जास्त तिखट असते. सगळ्यांचं एकच आहे म्हणूनच तर चाखणाऱ्याला किंमत. तक्ता आला की अण्णांची नोकरी गेली. त्यांना ते लगेच समजलं, आणि तक्ता करणाऱ्या त्या अनोळखी मॅनेजरबद्दल त्यांनी एक कानडी शब्द उच्चारला. तो इथे देत नाही.

दिवस कलला की दूध उतू घालतात. मडक्यातलं दूध ज्या दिशेला उतू जाईल त्यावरून पुढच्या सालाचे अंदाज बांधतात. मग हेंडग्याची मशाल पेटवून शेताभोवती फिरवायची. दोन्ही वेळा ‘‘अण्णा, काडेपेटी!’’ अशी हाक चार शेतांतून एकदम येते आणि अण्णा भरल्या पोटानं शक्य तितक्या वेगानं चालू लागतात. काडी ते स्वतः ओढतात. पेटी कुणाच्या हातात देत नाहीत. दिली तर परत येत नाही, हा अनुभव. आणि ती परत आली नाही तर पुढच्या वर्षी काय घेऊन जायचं?

परतताना भाच्याला कल्पना सुचली. पुढच्या हॅलोविनला ऑफिसात भज्जीच न्यावी. काळं पातेलं, वर बुडबुडे, चेटकिणीचं सार म्हणून पहिलं बक्षीस कुठे जात नाही. अण्णा थांबले.

‘‘कधी म्हणलास?’’

‘‘31 ऑक्टोबर.’’

‘‘तवा तुरीला फुलं असतात रं. दाणे कुठनं आणशील, फ्रीजमधले?’’

पंचांग आणि पीक या दोन गोष्टींत अण्णांशी वाद घालू नये. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या दत्तजयंतीचा प्रसाद झाला की तिथून अमावस्येपर्यंतचे दिवस ते बोटांवर मोजतात. 2024 साली 11 जानेवारीला एक आणि 30 डिसेंबरला दुसरी, अशा एकाच इंग्रजी वर्षात दोन येळवशी आल्या, हे गावात आधी त्यांनीच शोधून काढलं होतं. वर ‘‘ह्या सालात अधिकाचं जेवण आहे’’ अशी घोषणाही केली होती.

‘‘आणि अमावस्या नसताना भुतं कशी येतात तुमच्या ऑफिसात? 2024 ला तेवढं जमलं होतं, 31 तारखेलाच दुपारनं अमावस्या लागली होती. एरवी नुसता अंदाधुंद कारभार. साहेबाला सांग, दिवाळीपासनं दोन अमावस्या थांबा म्हणावं. तुरी भरू दे. मग भुतं काढा काय काढायची ती.’’

भाच्यानं गंमत म्हणून तिथल्या तिथे ग्रुपवर तसा निरोप टाकला. साहेबांचं लगेच उत्तर आलं: तारखेचं बघू, आधी कृती पाठवा. भाच्यानं फोन अण्णांच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाला, ‘‘बोला मामा, टाइप होतं आपोआप.’’ अण्णांनी घसा खाकरला आणि चाकवत कुठल्या विहिरीच्या पाण्यावरचा घ्यावा, इथून सुरुवात केली. आम्ही गावात शिरलो तेव्हा ते अजून मेथीपर्यंत पोचले नव्हते, आणि भाचा चार्जर शोधत होता.