ओव्हर

पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला रुग्णांची जी माहिती देते, तिचं पुस्तकी नाव हँडओव्हर. महाराष्ट्रातल्या वॉर्डांत त्यातला 'हँड' केव्हाच गळून पडला आणि 'ओव्हर' तेवढा उरला. क्रिकेटमधली ओव्हर स्त्रीलिंगी आणि सहा चेंडूंची असते. वॉर्डातला ओव्हर पुल्लिंगी असतो, 40 खाटांचा असतो, आणि जमिनीवर गाद्या घातल्या असतील तर त्या वेगळ्या.

सरकारी रुग्णालयांत पाळ्या साधारणपणे सकाळी 8 ते 2, 2 ते रात्री 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8 अशा असतात. एक पाळी 8 वाजता संपते आणि दुसरी 8 वाजताच सुरू होते. मधला ओव्हर ज्या वीस-पंचवीस मिनिटांत होतो, ती मिनिटं कोणत्याही हजेरीपटावर सापडत नाहीत. ती परिचारिकेच्या घरच्या खात्यातून जातात.

ओव्हर रुग्णांपासून सुरू होतो, हा समज नर्सिंगच्या पहिल्या वर्षापर्यंत टिकतो. तो सुरू होतो वस्तूंपासून. बीपीची मशिनं, थर्मामीटर, चादरी, ब्लँकेटं, कात्री. यात कात्री हा सर्वांत चंचल पदार्थ. तिच्यावर चिकटपट्टी लावून वॉर्डाचं नाव लिहिलेलं असतं. ती शेजारच्या वॉर्डात सापडते तेव्हा वर नवी चिकटपट्टी आणि नवं नाव असतं. रुग्ण न सांगता निघून गेला तर पोलिसांना कळवण्याची पद्धत आहे. कात्री गेली तर भरून द्यावी लागते.

त्यानंतर कुलपातली औषधं. मॉर्फिन, फेंटानिल यांची एकेक कुपी मोजायची, वापरलेल्यांच्या रिकाम्या कुप्याही मोजायच्या, आणि वहीत दोघींनी सह्या करायच्या. या कपाटाला पुष्कळ ठिकाणी अजून 'डीडीए' म्हणतात. ते नाव 1930 च्या डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्टवरून आलं. तो कायदा 1985 साली रद्द होऊन त्याच्या जागी एनडीपीएस कायदा आला. पण त्या बदलाचा ओव्हर कपाटाला कोणी दिलेला दिसत नाही.

मग खाटेपाशी जायचं. टेबलाशी बसून वहीतून वाचून दाखवलेला ओव्हर लवकर उरकतो, पण खाटेपाशी उभं राहून दिलेलाच खरा, असं सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात. सलाईन किती उरलंय, सुईची जागा सुजलीय का, लघवीच्या पिशवीत किती जमलंय, ड्रेसिंग ओलं आहे का, हे दोघींनी डोळ्यांनी पाहायचं असतं. शिवाय खाटेपाशी रुग्ण आणि नातेवाईकही असतात, आणि त्यांच्याकडे पुरवणी माहिती असते.

"14 नंबर. पोटाचं ऑपरेशन, आज दुसरा दिवस. एनबीएम. सकाळचं अँटिबायोटिक दिलंय."

एनबीएम म्हणजे निल बाय माउथ, तोंडाने काहीही द्यायचं नाही. येणारी परिचारिका सवयीने विचारते, "काका, काही खाल्लं नाही ना?"

"छे छे," काकू परस्पर उत्तर देतात, "कालपासून उपाशीच आहेत. नुसता चहा दिला."

दोघी परिचारिका एकमेकींकडे पाहतात.

"आणि त्यात बुडवून एक बिस्कीट. तेही मऊच होतं."

चहा हा महाराष्ट्रात खाद्यपदार्थांत मोडत नाही, ही गोष्ट एनबीएमची पाटी लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलेली नाही. डॉक्टरांना फोन जातो, 14 नंबरपाशी दहा मिनिटं मोडतात, आणि जाणारीची 2:20 ची बस जाते.

ओव्हरमध्ये माहिती गळते ही तक्रार जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये, आपण हजर असताना होणारं काम आपल्यामागेही कसं होईल, यावर प्रकरणच लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात ओव्हर आहे. आता शिकवली जाते ती एसबार पद्धत: आधी परिस्थिती, मग पूर्वपीठिका, मग आपला अंदाज, शेवटी शिफारस. तिचं मूळ अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांत आहे. पद्धत चांगलीच आहे. फक्त पाणबुडीत बोलणाऱ्याचा पदर ओढून "सिस्टर, पंखा लागत नाही" म्हणणारं कोणी नसावं.

एक गोष्ट कोणत्याही ओव्हरमध्ये म्हणायची नसते: "आज वॉर्ड शांत आहे." पाठ्यपुस्तकात हा नियम नाही, पण तो मोडला तर अर्ध्या तासात तीन अ‍ॅडमिशन येतात, अशी सर्वांची खात्री आहे.

सह्या झाल्या, एप्रन उतरला, पर्स खांद्याला लागली, की दारातला ओव्हर सुरू होतो. "अगं, राहिलंच! 9 नंबरच्या आजींना गोळी साखरेच्या पाण्यातूनच दे, नाहीतर थुंकतात. 22 चा मुलगा रात्री रडतो, त्याला मावशींच्या मोबाइलवरचं गाणं लागतं. आणि 6 नंबरला अजून माहीत नाही, घरच्यांनी सांगितलेलं नाही. जपून बोल." हे वहीत नसतं. एसबारच्या चार खणांत याला जागा काढता येईल, पण अजून कोणी काढलेली नाही.

यानंतरही ओव्हर पुरा होतोच असं नाही. बसमध्ये जागा मिळते, सुट्या पैशांसाठी पर्स उघडते, आणि हाताला डीडीएची किल्ली लागते. पुढच्याच थांब्यावर उतरून उलट दिशेची बस पकडावी लागते. वॉर्डाच्या दारात किल्ली हातात देऊन ती वळते तोवर 14 नंबरच्या काकू समोर उभ्या असतात.

"बरं झालं सिस्टर आलात. सलाईन संपलंय."